ज्वालामुखीच्या बाई

आमच्या शाळेत बाईंना दोन नावं होती. हजेरीपटावरचं नाव मुख्याध्यापिका वापरायच्या. आम्ही मुली त्यांना ज्वालामुखीच्या बाई म्हणायचो, अर्थात पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एक नवी मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहून, "ज्वालामुखीच्या बाई आहेत का?" असं विचारून बसली. बाकीच्या शिक्षिका खाली माना घालून हसू दाबत होत्या. बाईंनी वहीतून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "आहेत. सध्या शांत आहेत. ये आत."

अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. सहावीपासून दहावीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्याच शाळेत गणित शिकवायला लागले, म्हणून मला त्या दोन्ही बाजूंनी बघायला मिळाल्या. बुटक्या, अंगानं काटक, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेल्या. खांद्याला एक खाकी पिशवी असायची. तिच्यात डबा, पाण्याची बाटली, उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून एक कांदा, आणि बारा महिने एक हातोडी. कुणाच्याही घरी गेल्या की आधी पायरीचा दगड बघायच्या, मग माणसं. माझ्या लग्नात त्या मांडवात आल्या त्या सरळ कार्यालयाच्या जोत्यापाशी जाऊन वाकल्या. माझ्या सासूबाईंनी दबल्या आवाजात विचारलं, "काही पडलं का ह्यांचं?"

बाईंचं सगळं प्रेम एका डोंगरावर होतं आणि तो त्यांनी पाहिलेला नव्हता. अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून बराच आत, बॅरन नावाचं एक ओसाड बेट आहे. ते बेट म्हणजेच तो डोंगर. आपल्या देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. बाई त्याच्याविषयी बोलायच्या ते एखाद्या दूरच्या, तापट पण कर्तबगार मामाविषयी बोलावं तसं.

"आपला वऱ्हाडातला दगड कसा झाला?" त्या वर्गात विचारायच्या. "जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला, पातळ होता, पसरत गेला, थंड झाला. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला. साधा कारभार. पण ह्या बेटाचं तसं नाही. हा आधी राख उडवतो, मग लाव्हा ओततो. पुन्हा राख, पुन्हा लाव्हा. थरावर थर. असा तो स्वतःच्याच अंगातून स्वतःला उंच करतो. आणि एक दिवस पोटातला दाब इतका वाढतो, की स्वतःचाच माथा उडवून देतो. मग उरतं एक मोठं कडं, आणि त्या कड्याच्या मध्ये पुन्हा पहिल्यापासून नवा डोंगर वाढायला लागतो."

हे सांगताना त्या खडू खाली ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी हवेत थर रचायच्या. मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा गप्प व्हायच्या.

विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी कोणीतरी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी आणायचं. बाई तो फसफसणारा डोंगर शांतपणे बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे. पण हे सोडावॉटर आहे." मग त्या मुलीला मैदानाच्या कोपऱ्यात न्यायच्या, वसतिगृहाच्या चुलीतली राख मागवायच्या आणि राख, ओली माती, राख, ओली माती असा गुडघाभर डोंगर तिच्याकडून करून घ्यायच्या. दोन दिवसांनी तो वाळला की सुरीनं मधोमध कापायचा आणि थर मोजायचे. त्यातून फेस येत नसे, धूर निघत नसे. त्या मुलीला बक्षीसही कधी मिळालं नाही. पण मी स्वतः तो डोंगर कापला होता आणि आज पस्तीस वर्षं होत आली तरी त्याचे थर मला आठवतात.

एक्क्याण्णव साली तो बेटावरचा डोंगर जवळजवळ दीडशे वर्षांच्या झोपेतून जागा झाला. आम्ही तेव्हा सहावीत होतो आणि बाई नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. वर्तमानपत्रात कुठंतरी आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या दिवशी बाई अर्धा किलो पेढे घेऊन शाळेत आल्या. मुख्याध्यापिकांना वाटलं, लग्न ठरलं. त्यांनी हसून विचारलं, "कोण आहेत? काय करतात?"

"अंदमानात उद्रेक झाला," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी पेढा परत पुड्यात ठेवला. "अहो, माणसं मरतात त्यात."

"तिथं माणूसच राहत नाही, मॅडम. म्हणून तर पेढे आणले."

लग्न त्यांनी केलं नाही. घरी आई होती, संधिवातानं खाटेला खिळलेली. शाळा सुटली की बाई थेट घरी. सहली, बाहेरगावची लग्नकार्यं, मुक्काम, काही नाही. अंदमानला जायचं तर निदान दहा दिवस हवेत आणि आईला दहा दिवस कोणाच्या भरवशावर टाकणार? त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. त्या बेटाच्या बातम्यांची कात्रणं एका जाड वहीत चिकटवत राहिल्या. कधी राख उडाली, कधी थांबली, लाव्हा कोणत्या अंगानं समुद्रात उतरला, सगळं तारीखवार. स्वतःचा वाढदिवस मात्र त्यांना आम्ही सांगावा लागे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला दिवस होता, मधली सुट्टी चालू होती. बाईंच्या मोबाइलवर एका स्थानिक वाहिनीच्या बातमीदाराचा फोन आला. पातूरच्या अलीकडच्या एका गावात शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमिनीतून धूर निघत होता आणि लालभडक रस उकळत वर येत होता. लोक म्हणत होते ज्वालामुखी फुटला. शहरात ज्वालामुखीचं कळणारं माणूस कोण, असं त्यानं विचारलं, तेव्हा चार जणांनी बाईंचंच नाव सांगितलं होतं.

मी शेजारी बसले होते. बाईंच्या हातातला पोळीचा तुकडा तसाच राहिला.

"लाल आहे? वाहतंय का?" त्यांनी विचारलं. "वास येतो का? आजूबाजूची माती काळी पडलीय?"

तो प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेला असावा.

"मग नाकारता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आपण उभे आहोत ती जमीनच लाव्ह्याची आहे."

एवढंच त्या बोलल्या. फोन ठेवला, डबा बंद केला आणि मला म्हणाल्या, "तुझी स्कूटी काढ."

पातूरच्या रस्त्यानं पाऊणेक तास आम्ही गेलो. बारीक पाऊस होता. बाई मागे पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. सगळ्या वाटेत त्या एकदाच बोलल्या. "माझ्या हयातीत," असं म्हणाल्या, आणि पुढचं वाऱ्यात गेलं की त्यांनी म्हटलंच नाही, ते मला कळलं नाही.

आम्ही वाटेत असतानाच वाहिनीवर बातमी सुरू झाली होती. बाईंचा कुठल्यातरी सत्कारातला फोटो, मागे त्यांचं फोनवरचं बोलणं पुन्हा पुन्हा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: पातूर तालुक्यात ज्वालामुखी, तज्ज्ञांचा दुजोरा.

गावात पोचलो तेव्हा धुऱ्यापर्यंत माणसांची रीघ लागलेली होती. मोटारसायकली, जीपा, एक पाणीपुरीची गाडीसुद्धा. बायका नारळ, हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. एक पोलीस शिपाई काठी आडवी धरून लोकांना थोपवायचा प्रयत्न करत होता. बाईंना पाहून बातमीदार धावत आला. लोकांनीही ओळखलं. "टीव्हीवाल्या बाई आल्या, जागा द्या," असं म्हणत त्यांना वाट करून दिली.

मी ते पाहिलं. वाटीएवढं भोक होतं. आत निखाऱ्यासारखं लाल, त्यातून बुडबुडे येत होते, आणि कडेला काळ्या बाटलीच्या काचेसारखं काहीतरी थिजत होतं. धुराला जळक्या मातीचा वास होता. मला तर तो ज्वालामुखीच वाटला.

बाई पंधरा-वीस फुटांवर थांबल्या. भोकाच्या अलीकडे दोन बकऱ्या मरून पडल्या होत्या. अंगावर जखम नव्हती, केस जळलेले नव्हते. चालता चालता आडव्या झाल्यासारख्या दिसत होत्या. बाईंनी त्या बकऱ्यांकडे पाहिलं. मग मान वर केली. भोकाच्या बाजूला विजेचा लोखंडी खांब होता आणि त्याच्या माथ्यावरचा चिनीमातीचा कप फुटून तार खांबाला टेकली होती.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एका क्षणात त्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या. पण त्यांनी तो क्षण फार लांबवला नाही.

तेवढ्यात एक बाई नारळ घेऊन पुढे निघाली होती. आमच्या बाईंनी तिचा पदर धरून तिला मागे ओढली. नारळ चिखलात पडला.

"काहून ओढता, बाई?" ती चिडली. "देवीले नारळ देऊन राहिली मी."

"देवी नाही ते. करंट आहे." मग बाईंनी दोन्ही हात पसरले आणि मैदानावरच्या कवायतीचा आवाज काढला. "सगळे मागे सरा. पाय उचलू नका, धावू नका. पाय घसटत मागे या. जमिनीत वीज उतरली आहे."

लोक हलेनात. एका पोरसवद्या माणसानं विचारलं, "पण टीव्हीवर तं तुमीच सांगतलं ज्वालामुखी म्हणून."

"त्या बकऱ्या बघ," बाई म्हणाल्या. "त्या कशानं मेल्या ते तू सांग मला."

त्यानं बकऱ्यांकडे पाहिलं, आणि पाय घसटत मागे सरकला. मग बाकीचेही. शिपायाच्या फोनवरून वीज कार्यालयाला कळवलं. तिकडून लाइन बंद झाली. पाच-सात मिनिटांत लाल रंग काळवंडला, बुडबुडे थांबले. पाऊस त्या भोकात पडायला लागला आणि चर्र आवाज करून वाफ होत राहिला. खांबावरून उतरलेली वीज जमिनीत जात होती आणि तिच्या तापानं खालचा मुरूम वितळत होता. गोष्ट एवढीच होती. पण त्या नारळवाल्या बाईनं अजून पाच पावलं टाकली असती तर ती बकऱ्यांच्या शेजारी पडली असती.

गर्दी पांगायला लागली. लोक जरा नाराजच झाले होते. बाईंनी बातमीदाराच्या हातातून माइक घेतला.

"बाई, आता लाइव्ह बंद केलंय," तो म्हणाला.

"असू दे." आणि बंद माइकवर त्या बोलल्या, "मी दुपारी फोनवर जे बोलले ते चूक होतं. मी न पाहता बोलले. हा ज्वालामुखी नाही आणि इथं होणारही नाही. तुम्ही माझ्या बोलण्यावर इथवर आलात, त्यात एखादा जीव गेला असता."

जेमतेम पन्नास माणसं उरली असतील. कोणीतरी म्हणालं, "दुपारी एक बोलता, संध्याकाळी एक. मॅडमचं काही खरं नाही." बाईंनी त्याच्याकडे वळून मान डोलावली. कबूल, असं म्हणावं तशी.

वाहिनीवर रात्रीपर्यंत जुनीच बातमी फिरत राहिली. बाईंनी तीनदा फोन केला. खुलासा दाखवू म्हणाले, दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाई सगळ्या शाळेसमोर उभ्या राहिल्या आणि आपली चूक सांगितली. पाचवीच्या मुलींना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं.

रविवारी त्यांनी मला पुन्हा स्कूटी काढायला लावली. गावात ज्याच्या बकऱ्या मेल्या त्या माणसाला भेटायचं होतं. त्याचं घर धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, टिनाचं, पुढे मातीचा ओटा. दाराला कुलूप होतं. गोठा रिकामा. शेजारीण म्हणाली, "चाचा-चाची तं गेले. परतवाड्याले पोरीकडे. उरलेल्या बकऱ्याबी पिकअपमंधी टाकून नेल्या. टीव्हीवाल्या बाईनं सांगतलं न, पुऱ्या जमिनीखालून आग हाय म्हणून."

तिनं आम्हाला ओळखलं नव्हतं. बाई त्या ओट्यावर बसल्या. मग शेजारणीला विचारलं, "शेत कोण पाहतं आता?"

"कोण पायते? सोयाबीनमंधी तण माजून राहिलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली. आईजवळ बसायला शेजारची एक मुलगी सांगितली. पंचवीस वर्षांत मी त्यांना रजा घेताना पहिल्यांदा पाहत होते. मीही घेतली. अकोल्याहून परतवाड्याची एसटी धरली. चाचांच्या जावयाचं पंक्चरचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. दुकानामागे दोन खोल्या, आणि अंगणात मोजून सहा बकऱ्या. एक बकरी तारेवरची ओढणी चघळत होती. चाचांची मुलगी दमून गेलेली दिसत होती आणि तिची सासू आतून काहीतरी पुटपुटत होती. त्या घरात चाचा-चाचींचा आठ दिवसही निभाव लागणार नाही, हे दिसत होतं.

चाचा साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोक्याला टोपी. बाईंनी आपली ओळख सांगितली आणि काय घडलं ते समजावून सांगितलं. कप कसा फुटला, वीज कशी उतरली, माती कशी वितळली. चाचा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "टीव्हीवर तुमीच सांगतलं आग हाय. आता तुमीच सांगून राहिल्या आग नाही. मी कोणत्या बाईचं आयकू?"

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

चाची आतून म्हणाल्या, "मी नाही जात तिथं. माह्या डोळ्यांदेखत दोन बकऱ्या गेल्या. सकाळी दूध काढलं व्हतं मी त्याईचं."

"चाचा," बाई शेवटी म्हणाल्या, "तुमच्या घराची चावी मला द्या."

"काहून?"

"मी राहते तिथं. आठ दिवस. आग असली तर आधी मला लागेल. आठ दिवसांनी तुम्ही या आणि बघा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, ही बाई बरी आहे ना, अशा नजरेनं. मग जावयाकडे पाहिलं. सहा बकऱ्यांकडेही पाहिलं असावं. कमरेची चावी सोडून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवली. "चूल धूर करते," ते म्हणाले. "दार उघडं ठेवून पेटवजा."

बाई खरंच तिथं राहिल्या. आईला त्यांनी माझ्या घरी ठेवलं. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण पलंग रिकामा करून दिला. बाई पहाटे गावातून निघून एसटीनं शाळेत यायच्या, संध्याकाळी माझ्याकडे आईला जेवू घालायच्या आणि शेवटच्या गाडीनं परत गावाला. मुख्याध्यापिकांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं वय काय, तुम्ही करता काय?" बाई म्हणाल्या, "वय सत्तावन्न... की छप्पन?" आणि माझ्याकडे पाहिलं.

पहिले दोन-तीन दिवस गावानं लांबून गंमत पाहिली. मग शेजारीण भाकरी देऊ लागली. ती नारळवाली बाई एक दिवस येऊन सोयाबीनमधलं तण काढायला लागली, तिच्यामागून आणखी दोघी. बाईही पदर खोचून निंदायला बसायच्या, पण त्यांनी तणाबरोबर पिकाचीही रोपं उपटलेली पाहून बायकांनी त्यांना बांधावर बसवलं आणि म्हटलं, तुमी आपलं बोला. मग बाई बोलायच्या. आपला दगड कसा झाला, आणि समुद्रातला तो डोंगर कसा थर रचतो.

आठवडा पुरा झाला त्या दिवशी मी गेले होते. दुपारी पिकअप आली. आधी चाचा उतरले, एकटेच. त्यांनी घराला एक फेरी मारली. धुऱ्यावर जाऊन ते थिजलेलं काळं भोक पाहिलं, बुटाच्या टोकानं टोकरलं. खांबावर नवा कप बसवला होता, तो मान वर करून पाहिला. मग येऊन ओट्यावर बसले. जमिनीवर तळहात ठेवला, कुणाला ताप आहे का पाहतो माणूस, तसा.

"थंड हाय," ते म्हणाले.

"साडेसहा कोटी वर्षांपासून," बाई म्हणाल्या.

"एवढं मले मोजता येत नाही. आज थंड हाय, तेवढं पुरे." आणि पिकअपकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "उतर वं. बकऱ्या सोड."

चाची उतरल्या. त्यांनी आधी स्वयंपाकाची जागा पाहिली, चूल पाहिली, आणि बाईंना म्हणाल्या, "राख नाही काढली तुमी आठ दिवसाची." बाई ओशाळल्या. ती राख त्यांनी एका डब्यात साठवून ठेवली होती. शाळेतल्या मुलींच्या डोंगरासाठी.

त्यानंतर बाईंचं त्या घरी जाणं-येणं राहिलं. ईदेला, तूर निघाली की, कधी उगीचही. वर्गात त्या अजून ज्वालामुखी शिकवत, तितक्याच जीव ओतून. पण एक फरक मला दिसला. पूर्वी त्या "त्याच्या तोंडातून असा लालबुंद लाव्हा उसळतो" म्हणायच्या. आता म्हणायच्या, "उसळतो असं वाचलंय." एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिला नाही?" तर म्हणाल्या, "नाही. म्हणून वाचलंय म्हणते."

त्या निवृत्त झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची आई गेली. दोन महिने बाई घराबाहेर पडल्या नाहीत. मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या दिसल्या, खांद्याला तीच पिशवी. "डिसेंबरात सुट्टी आहे का तुला?" एवढंच विचारलं. मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं दोन तिकिटं काढून दिली.

पोर्ट ब्लेअरहून एक बोट त्या बेटाला लांबून वळसा घालून येते. उतरू देत नाहीत. संध्याकाळी निघालेली बोट उजाडता उजाडता बेटाजवळ पोचते. आम्ही कठड्याला धरून उभ्या होतो. बाईंनी स्वेटरवर साडीचा पदर आवळून घेतला होता. एक खलाशी सांगत होता की ह्या बेटावर माणूस नाही पण रानटी बकऱ्या आहेत, कोणीतरी कधीकाळी सोडलेल्या. बाईंच्या जाड वहीत हे नव्हतं. त्यांनी ते त्याला पुन्हा सांगायला लावलं.

मग बेट दिसलं. खालचा भाग काळा आणि ओबडधोबड. एका अंगाला कडा फुटलेला आणि तिथून थिजलेला दगड थेट पाण्यात उतरलेला. पण वरचा सगळा भाग ढगात होता. बोट अर्धा तास रेंगाळली. लोक कप्तानाला म्हणत होते अजून थांबा, पैसे दिलेत. ढग हलला नाही. बोट वळली तेव्हा एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "फुकट गेलं."

मला बाईंकडे बघवेना. त्या मात्र वहीत लिहीत होत्या. मी वाकून पाहिलं, तर त्यांनी थर मोजले होते. काळा, राखाडी, काळा, राखाडी, पाण्यापासून ढगापर्यंत, आणि ढगापाशी एक आडवी रेघ मारून पुढचं पान कोरं ठेवलं होतं.

धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी पहिला फोन चाचांना लावला. आवाज मोठा ठेवला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"पायला का डोंगर?" चाचांनी विचारलं.

"अर्धा पाहिला, चाचा. खालचा."

"आग?"

"नाही दिसली."

"धूर?"

"वर ढग होता. त्यात धूर होता की नव्हता, मला सांगता येणार नाही."

पलीकडे बकरी ओरडल्याचा आवाज आला.

"तिथं बकऱ्या आहेत म्हणे," बाई म्हणाल्या. "रानटी. खलाशानं सांगितलं."

"बकऱ्या?" चाचांचा आवाज एकदम जागा झाला. "त्या डोंगरावर? खातात काय, पेतात काय? तुमाले दिसल्या?"

"नाही दिसल्या."

चाचा विचार करत असावेत. मग म्हणाले, "तं मंग चाचीले मी बकऱ्याचं आता सांगत नाही. पुढच्या खेपेले तुमाले दिसल्या म्हणजे सांगू."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला. मग धक्क्यावरच्या तिकीट खिडकीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "पुढची बोट कधी आहे, विचारून ये जरा."